बारा फुटी गाळा, मोकळं दुकान: मिनिमल सजावट पायरी-पायरीने

"मिनिमल करायचंय" असं म्हणत मालक मोबाइलवरचा फोटो पुढे करतात. पांढऱ्या भिंती, एक लांब लाकडी टेबल, त्यावर चार घड्या, कोपऱ्यात कुंडी. उरलेला माल फोटोत नसतो. झाडू, पिशव्यांचे गठ्ठे, चहाचे कप, इन्व्हर्टर यातलंही काही नसतं. ते सगळं कुठेतरी आहेच. मोकळं दुकान रंगाने होत नाही, साठवणीने होतं. समोर जेवढी जागा रिकामी सोडायची, तेवढ्या मालाची सोय आधी मागे लावावी लागते. म्हणून या लेखात भिंतीचा रंग बराच उशिरा येईल.

पुण्याच्या पेठांमध्ये किंवा दादरला सर्रास दिसतो तसा एक गाळा उदाहरणाला घेऊ. रुंदी १२ फूट, खोली ३० फूट, उंची १२ फूट, समोर रस्ता आणि तीन बाजू बंद. माल हातमागाच्या साड्या. तुमचा धंदा चपलांचा, पुस्तकांचा किंवा चष्म्यांचा असेल तर आकडे बदला, कामाचा क्रम मात्र तोच ठेवा.

पायरी १: रिकामं हवं की एकसारखं?

या शैलीच्या दुकानांत दोन घराणी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिलं घराणं रिकामेपणाचं. ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन पॉसन यांनी १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवर कॅल्व्हिन क्लाइनचं दुकान केलं. उंच पांढरी भिंत, दगडी फरशी, मोजके कपडे आणि भरपूर मोकळी जागा. त्या दुकानाचे फोटो पाहून ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांनी पॉसन यांना चेक प्रजासत्ताकातल्या नोव्ही द्वूर इथल्या मठाचं काम दिलं. कपड्यांच्या दुकानाकडे पाहून साधूंना मठ सुचावा, यातच त्या कामाची ताकद दिसते. पण तिथे एका कपड्याची किंमत आपल्या गाळ्याच्या महिन्याच्या भाड्याशी बरोबरी करणारी होती. दिवसाला चार नग विकले तरी चालतं अशा दुकानाचं ते गणित आहे.

दुसरं घराणं मुजी या जपानी ब्रँडचं. जपानमध्ये १९८० साली ४० वस्तूंपासून ही मालिका सुरू झाली. २०१६ मध्ये तिचं मुंबईतलं दुकान उघडलं. मुजीचं दुकान रिकामं नसतंच. फडताळं उंचापर्यंत भरलेली असतात. तरी डोळ्यांना शांत वाटतं, कारण खोके एका मापाचे, लेबलं एकाच वळणाच्या अक्षरांची, रंग दोन-तीनच आणि प्रत्येक वस्तू आपल्या रांगेत. ज्यांना रोज पन्नास-साठ नग विकायचे आहेत त्यांनी इकडे पाहावं.

आणि आपल्या डोळ्यांसमोर असूनही न दिसणारा तिसरा नमुना म्हणजे साडीची जुनी पेढी. पांढरीशुभ्र गादी, लोड-तक्के, मागे बंद दारांची कपाटं. गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकून दुकानदार एकेक साडी काढतो, पांढऱ्यावर उलगडतो, नको असेल तर घडी करून बाजूला सारतो. एका वेळी डोळ्यांसमोर एकच वस्तू आणि तिच्यामागे कोरी पार्श्वभूमी. पॉसन यांनी लाखो डॉलरच्या दगडातून जे साधलं ते इथे धुतलेल्या चादरीने साधत होतं. आपल्या उदाहरणातलं दुकान याच वाटेने जाईल: पुढे मोजका माल, मध्ये गादी, मागे बंद साठा.

सगळ्यांनी या वाटेला जाऊ नये. बांगड्या, स्टीलची भांडी, सणाचं सामान अशा दुकानांत ढीग हीच जाहिरात असते. तुळशीबागेत गिऱ्हाईक ढीग पाहून वळतं, कारण ढीग म्हणजे निवड भरपूर आणि भाव उतरता. रिकामं दुकान पाहिलं की आपलं माणूस "महाग असणार" असं समजून उंबरठ्यावरूनच परततं. तुमचे भाव मध्यम असतील तर मोकळं दुकान जरूर करा, पण दर्शनी मालावर किमतीची चिठ्ठी दिसलीच पाहिजे. किंमत लपवणं हे महागड्या दुकानांचं लक्षण. ते साधेपणाच्या नावाखाली उचलू नका.

पायरी २: माल मोजा, मग जागा मोजा

हे काम डिझायनरवर सोडू नका. मालकाने आणि जुन्या नोकराने मिळून करावं. कुठल्याही साध्या दिवशी दुकानात एकूण किती नग असतात आणि दिवाळीच्या आधी किती असतात, असे दोन आकडे काढा. मग त्यातले समोर किती ठेवायचे ते ठरवा. माझा हट्ट पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको असा असतो.

समजा ६०० साड्या आहेत. समोर १२०, मागे ४८०. घडी केलेली सुती साडी साधारण सव्वा इंच जाड धरू. आठ साड्यांची चळत १० इंच होते. १४ इंचांच्या कप्प्यात ती ठेवली तर वर हात घालायला जागा राहते. चळत याहून उंच केली की खालची साडी ओढताना वरच्या सगळ्या घसरतात. ४८० साड्यांच्या ६० चळती. एकावर एक सहा कप्पे केले तर कपाट साडेसात फुटांच्या आत बसतं, म्हणजे स्टुलावर न चढता काम होतं. ६० चळती भागिले ६ कप्पे, म्हणजे १० उभ्या रांगा. प्रत्येक रांगेला १५ इंच रुंदी धरली की साडेबारा फूट लांबीचं, दीड फूट खोल कपाट लागतं. ही झाली मागच्या साठ्याची खरी गरज, आणि नकाशावर पहिली रेघ हीच पडायला हवी.

याच वेळी दुसरी यादी करा: न विकायच्या वस्तूंची. कागदी पिशव्या, बिलाचा प्रिंटर, झाडू, पोछा, बादली, पाण्याचा जार, शिलाईला द्यायच्या साड्या, परत आलेला माल, नोकरांचे डबे, हेल्मेट, छत्र्या. पावसाळ्यात गिऱ्हाइकांच्या ओल्या छत्र्याही. प्रत्येक वस्तूपुढे जागा लिहा. जिच्यापुढे जागा लिहिता आली नाही, ती वस्तू उद्घाटनाच्या दुसऱ्या आठवड्यात काउंटरवर येऊन बसते.

पायरी ३: गाळा तपासा, करार वाचा

जुन्या इमारतीतली भिंत सरळ असते असं गृहीत धरू नका. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर गाळा गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. मग ओळंबा लावून भिंती आणि पाणसळ लावून जमीन पाहा. साध्या दुकानात हे जास्त महत्त्वाचं असतं, कारण तिरकेपणा लपवायला नक्षी, पट्ट्या, कमानी काहीच नसतं. ३० फुटांच्या भिंतीवर सरळ फळी बसवली की पुढे पाऊण इंच आणि मागे अडीच इंच फट दिसते.

ओल शोधायची तर गाळा पावसाळ्यात पाहावा. ते जमलं नाही तर भिंतीच्या तळाशी फुगलेला रंग, पांढरी खार आणि कुबट वास यांवरून अंदाज घ्या. ओलीवर फळ्या ठोकून ती झाकली तर आतल्या रेशमाला बुरशी येते. आधी गळती बंद करा, गिलावा सुकू द्या, मगच पुढचं.

भाडेकरार किती वर्षांचा आणि मालक मुदतीआधी काढू शकतो का, यावर बरंच ठरतं. तीन वर्षांचा करार असेल तर दगडी फरशीत पैसे घालू नका. टेबलं, कपाटं, दिव्यांचे ट्रॅक अशा उचलून नेता येणाऱ्या गोष्टींत घाला. भिंत पाडायची किंवा पोटमाळा घालायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि गाळामालक, सोसायटी व महापालिका यांपैकी ज्यांची परवानगी लागते ती लेखी घ्या. मिस्त्री "काही होत नाही" म्हणतो तेव्हा जबाबदारी त्याची नसते.

पायरी ४: आखणी

खोलीचे ३० फूट असे वाटू. पुढचे ४ फूट शटरच्या आत पण काचेच्या बाहेर, म्हणजे छताखालचा ओटा. पुढचे ६ फूट जवळपास रिकामे, मध्ये एकच टेबल. नंतरचे १२ फूट गादी आणि दर्शनी कप्पे. शेवटचे ८ फूट मागची खोली.

मागच्या खोलीच्या दोन बाजूंना आठ-आठ फूट, एकूण १६ फूट भिंत मिळते. साडेबारा फुटांत साड्या, उरलेल्या साडेतीन फुटांत पिशव्या, झाडू, इन्व्हर्टर. हिशेब बसला. इथे मालक हमखास अडतात: "भाडं दर्शनी जागेचं भरायचं आणि पाव दुकान गोडाऊनला द्यायचं?" उत्तर असं, की हा माल पुढे ठेवला तरी तेवढीच जागा खाईल, शिवाय डोळ्यांसमोर खाईल. पोटमाळा मंजूर असेल तर दिवाळीचा साठा वर जाईल. पण रोज लागणारा माल शिडीवर ठेवू नका. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नोकर वर चढला की पाच मिनिटं गेली.

रुंदीचा हिशेब जास्त काटेकोर. गिलावा आणि रंग धरून आत साडेअकरा फूट उरतात. डाव्या भिंतीला सव्वा फूट खोल दर्शनी कप्पे. उजवीकडे गादी, साडेचार फूट. त्यात विकणारा मागे बसतो आणि पुढे साडीचा पन्हा, म्हणजे साधारण पावणेचार फूट, पूर्ण उलगडतो. गिऱ्हाइकाला बसायला दोन फूट. जायला-यायला पावणेचार फूट उरतात, त्यात दोन माणसं एकमेकांना न घासता जातात. तीन फुटांपेक्षा कमी ठेवलं तर खाली वाकून कप्पा पाहणारी बाई मागच्याच्या धक्क्याने लगेच उठते, आणि उठली की बहुधा निघते.

गादीची उंची १६ ते १८ इंच ठेवा आणि खाली खण करा. नऊवारीची लांबी नऊ वार, म्हणजे २७ फूट. ती पूर्ण पसरायला जागा लागत नाही, पण पदर आणि काठ एकाच वेळी दिसायला गादी लांबीला सहा फूट तरी हवी. खोळ पांढरी, धुता येणारी, आणि दोन जोड. ज्यांना खाली वाकवत नाही अशा आजींसाठी पाठ असलेल्या दोन खुर्च्या ठेवा. बरोबर आलेल्या काकांसाठी एक बाक मागच्या बाजूला हवा. काका आरामात बसले की खरेदी लांबते, हे कुठल्याही साडीवाल्याला विचारा.

गल्ला दाराजवळ नको. आत येणाऱ्याला प्रथम पैसे घेणारा माणूस दिसू नये. पण त्या माणसाला दार दिसलं पाहिजे. म्हणून गल्ला मागच्या खोलीच्या दारापाशी, रस्त्याकडे तोंड करून. त्याच भिंतीत देवाची जागा. मिनिमल म्हणून देव्हारा नकाशात टाळला की तो तीन महिन्यांत वायरीच्या जाळ्यासह, लाल झिरोच्या दिव्यासह आणि प्लास्टिकच्या हारासह भिंतीवर प्रकट होतोच. त्यापेक्षा भिंतीत दीड फूट रुंद, दोन फूट उंच कोनाडा पहिल्यापासून आखा. आत दगडाचा तुकडा बसवा म्हणजे तेल-कुंकवाचे डाग पुसता येतील, उदबत्तीची राख पडायला खोलगट जागा ठेवा, वरून एक छोटा दिवा सोडा. लक्ष्मीपूजनाला हाच कोनाडा दुकानाचं केंद्र होतो आणि एरवी शांत राहतो.

पायरी ५: दर्शनी भाग

शटरची गुंडाळी वर फूट-दीड फूट जागा घेते. ती बाहेर लोंबत ठेवून मग सजावटीचा डबा ठोकण्यापेक्षा पाटीच्या मागेच तिची सोय करा. दुरुस्तीसाठी ती पाटी उघडता आली पाहिजे. शटर जाळीदार घेतलं तर बंद दुकानाचाही एक दिवा रात्री रस्त्यावर दिसतो. काच १२ मिलिमीटरची टफन्ड. काच चार फूट आत घेतल्याने तीन फायदे होतात: पाऊस आत येत नाही, ऊन थेट पडत नाही, आणि साडी उजेडात पाहायची म्हणून गिऱ्हाईक बाहेर आलं की त्याला उभं राहायला जागा असते. ती पाहण्याची सवय कितीही चांगले दिवे लावले तरी जात नाही; ओट्यावर पदर धरायला एक लाकडी दांडी लावून टाका.

गाळा पश्चिमेकडे असेल तर दुपारचं ऊन हळदीसारख्या नैसर्गिक रंगांना लवकर उडवतं. अतिनील किरण अडवणारी फिल्म वेग कमी करते, थांबवत नाही. पुढच्या टेबलावरच्या साड्या आठवड्याला बदला.

पाटीबद्दल कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नोकर किती आहेत हे न पाहता प्रत्येक दुकानाला मराठीत, देवनागरी लिपीत पाटी लावावी लागते, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. बरेच डिझायनर आधी रोमन अक्षरांचं नाव सजवतात आणि मग कोपऱ्यात मराठी कोंबतात. उलटं करा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते, म्हणून पाटीची पट्टी अक्षराच्या उंचीच्या किमान दुप्पट ठेवा. मुक्ता किंवा पॉपिन्ससारखे साध्या वळणाचे देवनागरी टाइप उपलब्ध आहेत. धातूची सुटी अक्षरं भिंतीपासून इंचभर पुढे बसवली आणि मागून मंद उजेड सोडला की फ्लेक्सची गरज उरत नाही. सुटी अक्षरं कापणाऱ्याला मजकूर पाठवताना जोडाक्षरं वक्ररेषांत, म्हणजे फॉन्टऐवजी आकृतीत, बदलूनच पाठवा, नाहीतर "क्ष" फुटून येतो.

दाराच्या चौकटीत तोरणासाठी दोन पितळी आकडे आणि लिंबू-मिरचीसाठी एक, असे आधीच बसवून घ्या. नाहीतर दसऱ्याच्या सकाळी कुणीतरी नव्या चौकटीत खिळा ठोकणार.

जोता सहा इंच उंच असेल तर १:१२ उताराच्या हिशेबाने सहा फुटांचा रॅम्प लागतो. आपला ओटा चारच फुटांचा आहे, आणि फुटपाथवर उतार बांधणं म्हणजे अतिक्रमण. अशा वेळी घडीचा अॅल्युमिनियम रॅम्प घ्या आणि त्याची जागा दाराजवळच्या कपाटात ठरवा. दाराची मोकळी रुंदी तीन फूट, म्हणजे चाकाची खुर्ची आत येते.

पायरी ६: फरशी, भिंत, लाकूड

तीनच मुख्य साहित्यं ठेवा. चौथं आणायचं असेल तर आधीचं एक काढा.

फरशीला माझी पहिली पसंती कोटा. हिरवट-करडा रंग, धूळ लगेच दाखवत नाही, जागेवर पॉलिश होते आणि दहा वर्षांनी पुन्हा घासता येते. शहाबादीही छान दिसते, पण जाडी कमी-जास्त येते; निवडून घेणारा माणूस हवा. आयपीएस, म्हणजे सिमेंटची एकसंध जमीन, फोटोत सर्वांत देखणी. पण तिला केसासारख्या भेगा जाणारच. चार-पाच फुटांचे चौकोन करून पट्ट्या घातल्या तर भेगा आटोक्यात राहतात. भेग सहन होणार नसेल तर हा मार्ग सोडा. कराराची मुदत कमी असेल तर मॅट व्हिट्रिफाइड टाइल, दोन मिलिमीटरच्या सांध्याने आणि टाइलच्याच रंगाच्या ग्राउटने.

भिंत पांढरी, पण टक्क पांढरी नको. किंचित पिवळसर छटा असलेला पांढरा रंग आपल्या धुळीत आणि आपल्या उन्हात जास्त टिकतो. भिंतीला गुलाबी किंवा हिरवा रंग देऊ नका, तो उजेडासोबत साडीवर उतरतो आणि माल खोटा दिसतो. रंग धुता येणारा मॅट. पुट्टी नीट घासली आहे का ते बॅटरी भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकून पाहा. लाटा लगेच दिसतात.

लाकूड एकाच जातीचं, एकाच छटेचं. कपाटांना बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय; शिक्क्यात आयएस ३०३ सोबत बीडब्ल्यूआर असं लिहिलेलं पाहून घ्या. ओलीच्या शक्यतेत आयएस ७१० चा मरीन. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, कापायला गुळगुळीत असतं, पण मुंबईच्या दमट हवेत त्याच्या उघड्या कडा फुगतात. कपाट भिंतीपासून इंचभर सोडून बसवा आणि दारांना वर-खाली बारीक फटी ठेवा. हवा खेळली नाही तर लोकरीला आणि रेशमाला कसर लागते.

पायरी ७: प्रकाश

खर्चाला कात्री लावायचीच असेल तर इथे लावू नका. एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा दिव्यांना द्या, फरशी स्वस्त घ्यावी लागली तरी चालेल. मोकळ्या दुकानात प्रकाश हीच सजावट.

छतात दोन बाय दोनचे पॅनल भरले की सगळीकडे सारखा उजेड पडतो आणि काहीच उठून दिसत नाही. जरीकाम तर मरूनच जातं, कारण जरीची चमक टोकदार उजेडाने येते, पसरट उजेडाने नाही. म्हणून दोन थर करा. एक मंद सर्वसाधारण उजेड, साधारण ३०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). दुसरा थर मालावर, त्याच्या तिप्पट ते पाचपट. गिऱ्हाइकाची नजर आपोआप उजळ जागी जाते आणि बाकीचं दुकान मागे सरतं.

ट्रॅकवरचे स्पॉट घ्या, म्हणजे टेबल हलवलं तर दिवाही हलतो. कोन निवडताना हा हिशेब उपयोगी पडतो: दिवा वस्तूपासून ७ फूट वर असेल तर २४ अंशांचा स्पॉट सुमारे ३ फुटांचं वर्तुळ पाडतो, ३६ अंशांचा साडेचार फुटांचं, १५ अंशांचा दोन फुटांच्या आत. पुढच्या टेबलाला २४, गादीला ३६, कोनाड्याला १५. भिंतीवरच्या कप्प्यांसाठी ट्रॅक भिंतीपासून सुमारे तीन फूट पुढे ठेवा. फार जवळ लावला तर वरचा कप्पा उजळतो आणि खालचे अंधारात राहतात. फार लांब लावला तर गिऱ्हाइकाची स्वतःची सावली मालावर पडते.

सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० किंवा वर हवा, आणि त्यातला आर-९ हा लाल रंगाचा आकडा वेगळा विचारा. तो कमी असलेल्या दिव्याखाली कुंकवी, डाळिंबी, मरून हे रंग तपकिरीकडे झुकतात. साडीच्या दुकानाला हे परवडणारं नाही. रंगतापमान, म्हणजे उजेड पिवळसर की पांढरा याचं माप, ३००० ते ३५०० केल्विन, पण सगळीकडे एकच. पुढे पिवळा आणि मागे पांढरा असं झालं की साडी दोन पावलांत रंग बदलते. दिवे एकाच लॉटचे घ्या आणि चार जास्त घेऊन ठेवा. विकत घेण्याआधी एक दिवा गाळ्यात तारेवर लटकवा, खाली पाच रंगांच्या साड्या ठेवा, मग त्याच ओट्यावरच्या उन्हात न्या.

आरशासमोर उभ्या राहणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर वरून उजेड पडला की डोळ्यांखाली काळं दिसतं. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे, दुधी आवरणाचे दिवे लावा.

पायरी ८: सुतारकाम, जिथे साधेपणा महाग पडतो

नक्षीदार दुकानात सांधा चुकला की सुतार वर पट्टी मारतो. भिंत आणि छत जुळत नाही तिथे पीओपीची कॉर्निस, जमीन आणि भिंत जुळत नाही तिथे स्कर्टिंग, प्लायची कड दिसते तिथे बीडिंग. मिनिमल कामात या सगळ्या पट्ट्या जातात आणि प्रत्येक सांधा उघडा पडतो. त्यामुळे सामान कमी लागतं पण मजुरी वाढते. सुताराला हे पहिल्याच दिवशी सांगा आणि दर तसा ठरवा. नेहमीच्या दरात असं काम मागितलं तर तो शेवटी पट्टी मारणारच, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

पट्टीच्या जागी खाच हा उपाय. भिंत आणि छत, कपाट आणि भिंत यांच्यात १० ते १२ मिलिमीटरची सरळ खाच सोडली की थोडा तिरकेपणा सावलीत मुरतो. भिंतीच्या तळाशी मात्र खाचेचा मोह आवरा. आपल्याकडे दिवसातून दोनदा ओला पोछा फिरतो. खाचेत पाणी आणि केर जातो, भिंतीला काळी रेघ उमटते. तिथे चार इंच कोट्याचीच पट्टी, भिंतीच्या पृष्ठभागाशी सपाट बसवलेली, उत्तम.

दाबून उघडणारी दारं दाखवायला सुंदर, वापरायला कटकटीची. दिवसाला शंभर वेळा उघडणाऱ्या कपाटात त्यांची जुळणी लवकर बिघडते. त्यापेक्षा दाराच्या वरच्या कडेला बोटांसाठी तिरपी खाच कापा. बिजागऱ्या आणि खणांचे चॅनल चांगल्या प्रतीचे. दर्शनी कप्प्यांची फळी १८ मिलिमीटरची असेल तर तीन फुटांच्या वर आधाराशिवाय नेऊ नका, साड्यांच्या वजनाने मध्ये झोळ येतो.

कामाला लागण्याआधी एका दाराचा, एका कोपऱ्याचा आणि एका खाचेचा खराखुरा नमुना करून घ्या, त्यावर सही करा आणि काम संपेपर्यंत गाळ्यात ठेवा. वाद तिथेच मिटतात.

पायरी ९: कामाचा क्रम

तोडफोड आणि ओलीची दुरुस्ती. मग विजेचे पाइप, इंटरनेट आणि कॅमेऱ्याच्या तारा, एसीचे पाइप व पाण्याचा निचरा. निचऱ्याला उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून पाहा. गिलावा. फरशी आणि तिचं पहिलं पॉलिश, कारण त्याचा राडा सुतारकामावर उडता कामा नये. फरशी जाड प्लास्टिक आणि पीओपीने झाका. छत, पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात. सुतारकाम. दिवे. शेवटचा हात, शेवटचं पॉलिश. रंगाचा शेवटचा हात सुतार जाण्याआधी दिला तर तो पुन्हा द्यावा लागतो.

छत पूर्ण बंद करायचा आग्रह नको. १२ फूट उंची मिळाली आहे तर ती वापरा: स्लॅब साफ करून भिंतीच्याच रंगाने रंगवा, पाइप एका सरळ रेषेत न्या आणि त्याच रंगात बुडवा. बंद छत केलंच तर एसी आणि दिव्यांना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरपाशी हात जाईल अशी झडप ठेवा. स्विच सगळे एका जागी, गल्ल्याशेजारी. जमिनीत गादीजवळ एक सॉकेट, इस्त्रीसाठी. अग्निशामक नळकांडं लाल असतं आणि ते लालच दिसलं पाहिजे. त्याला कपाटात घालणारा किंवा पांढरं रंगवणारा डिझायनर बदला.

तयार दुकानाच्या खर्चातला दहावा भाग हातात राखून ठेवा. उद्घाटनानंतरच्या महिन्यात कुठे दिवा कमी पडतो, कुठे खण हवा होता, हे कळतं. तेव्हा पैसे संपलेले असतात आणि प्लास्टिकचा स्टँड येतो.

पायरी १०: उघडल्यानंतर

नोकरांना तीन गोष्टी लिहून द्या: दर्शनी कप्प्यात सहापेक्षा जास्त घड्या नाहीत, गल्ल्यावर चालू बिलाशिवाय कागद नाही, भिंतीवर चिकटपट्टी नाही. यूपीआयचा क्यूआर कोड, सेलची सूचना, "उधार बंद आहे" यांच्यासाठी पाटीच्याच अक्षरात छापलेल्या एका मापाच्या लाकडी चौकटी आधीच करून ठेवा. कंपन्यांचे एजंट फुकट स्टिकर आणि स्टँड घेऊन येतात. ते नम्रपणे परत द्यायचे.

दिवाळीचे तीन आठवडे आणि लग्नसराई या काळात नियम ढिले होणारच, तर ते ठरवून ढिले करा. पुढच्या सहा फुटांत बसतील अशी दोन घडीची टेबलं, पांढऱ्या चादरी आणि चाकांचे चार उघडे खोके मागच्या खोलीत तयार असू द्या. गर्दीच्या दिवसांत टेबलं उघडा, खोके बाहेर ओढा, माल भरपूर दाखवा. परत आवरायची तारीख मात्र टेबलं मांडायच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा. भाऊबीजेनंतरचा पहिला सोमवार सोयीचा पडतो, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक कमी असतं आणि साठा मोजायचाच असतो.